शिवणीतलं घरटं

"ताई, एकच ओळ. जास्त नाही."

त्या आठवड्यातला संपादकांचा हा चौथा फोन. वाक्य दर वेळी तेच, फक्त आवाजातला गोडवा थोडाथोडा आटत चाललेला. तिने फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला होता आणि हातातला ब्रश पाण्यात खळबळवत होती.

"एका ओळीनं काय बिघडणार आहे?" ते म्हणाले.

"नसली तर काय बिघडणार आहे?"

"काय?"

तिचा जन्मभराचा त्रास हाच होता. आवाज इतका मऊ, की समोरचा हमखास "काय?" म्हणायचा. मग तेच पुन्हा बोलावं लागे, आणि दुसऱ्यांदा बोललेल्या उत्तराची धार अर्धी झालेली असे. रागावली तरी लोकांना वाटे, बाई प्रार्थना करतेय.

"काही नाही," ती म्हणाली. "ओळ नको."

पुस्तक होतं तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, बत्तीस पानांचं. चित्रं तिची, गोष्टही तिचीच. एका मोठ्या इमारतीच्या बांधकामावर एक क्रेन असते. एके सकाळी तिच्या लांबच लांब हातावर एका पाखराचं घरटं दिसतं, घरट्यात तीन अंडी. क्रेन जागची हलायला तयार होत नाही. मुकादम ओरडतो, इंजिनिअर कागद फडफडवतो, ड्रायव्हर सगळे दांडे ओढून बघतो. मग ड्रायव्हर वर बघतो आणि त्याला कळतं. तो काही न बोलता खाली उतरतो, शिडीवरून, पायांचा आवाज न करता.

त्याच्या पुढचं जोडपान, म्हणजे समोरासमोरची दोन पानं मिळून एकच मोठं चित्र, ते तिने बिनशब्दांचं ठेवलं होतं. क्रेन हात पसरून उभी. आजूबाजूला खिडक्यांत, गच्च्यांवर, बांबूच्या परांच्यांवर, रस्त्यावर एकेचाळीस माणसं. सगळी घरट्याकडे बघतायत. बास. कुणी काही म्हणत नाही.

त्या पानाच्या तळाशी संपादकांना ओळ हवी होती. 'क्रेनने पाखरांसाठी आपले काम थांबवले. आपणही दुसऱ्यांची काळजी घ्यायला हवी, नाही का मुलांनो?'

बाकी ओळ तिने एक वेळ गिळलीही असती, पण त्या 'नाही का मुलांनो'ने तिच्या मानेवर काटा यायचा. कुणी आपल्याशी या सुरात बोललं तर आपण तिथे किती वेळ थांबू, असं ती स्वतःला विचारी, आणि उत्तर दर वेळी एकच येई.

संपादक काही वाईट माणूस नव्हते. कचेरीत त्यांना सगळे 'मुद्देसूद' म्हणत, कारण चहा आला तरी ते विचारत, मुद्दा काय? पण ते दुकानांत जाऊन उभे राहत. आईबाप पुस्तक उचलतात, भराभरा पानं उलटतात आणि विचारतात, यातून मूल शिकणार काय? उत्तर सापडलं नाही की पुस्तक जागेवर. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तिच्याकडे डोळ्यांनी पाहिलेलं असं काही नव्हतं, फक्त खात्री होती. खात्रीवाल्या माणसाशी भांडणं आणि पालथ्या घड्यावर पाणी, दोन्ही सारखंच, असं ते तिलाच ऐकवत.

तीन आठवडे हे चाललं. मोठा कागद कचेरीच्या भिंतीवर टाचून ठेवला होता. त्याच्यासमोर उभं राहून विक्रीवाले बोलले, मांडणीवाले बोलले, एकदा तर पाण्याच्या बाटल्या आणून देणाऱ्यालाही मत विचारलं गेलं. सगळ्यांच्या नजरा तळाच्या रिकाम्या पट्टीवर. ओळ मोठी की छोटी, जाड की बारीक, प्रश्नचिन्ह हवं की उद्गारचिन्ह. तिचा एकच हेका: ओळच नको. शेवटी एका दुपारी संपादकांनी दोन्ही हात वर केले.

"बरं बाई, तुमचं खरं. पण उद्या कुणाला मुद्दा कळला नाही, तर मी तुमच्याकडे बोट दाखवणार."

"दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"दाखवा म्हटलं!"

ती जिंकली होती. जिंकल्याचा आनंद बरोबर नऊ दिवस टिकला.

दहाव्या दिवशी सकाळी छापखान्यातून मामांचा फोन आला. मामा तिथले सर्वांत जुने कारागीर. छपाईपासून बांधणीपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जाई. एवढं वय झालं तरी कागदाची जाडी ते दोन बोटांत धरून सांगत. नमुन्याची एकच प्रत शिवून तयार होती.

"ताई, जरा येऊन जा," ते म्हणाले. "फोनवर सांगण्यासारखं नाही."

ती गेली. मामांनी तिला स्टुलावर बसवलं. आधी पाणी दिलं. मग त्यांनी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवून ते पान उघडलं.

"अंडी कुठंयत?"

"ही काय," ती म्हणाली, आणि तिचं बोट आपोआप पानाच्या मध्याकडे गेलं, आणि दोन पानांच्या मधल्या फटीत घुसलं.

घरटं शिवणीत गेलं होतं. अख्खंच्या अख्खं. डाव्या पानावर काटक्यांची एक शेंडी दिसत होती, उजव्या पानावर दुसरी. मधलं सगळं, तीन अंड्यांसकट, जिथे पानं मुडपून दोरा जातो तिथे. आणि एकेचाळीस माणसं, खिडक्यांतली, गच्च्यांवरची, जीव एकवटून त्या फटीकडे बघत होती.

बावीस वर्षं ती हे काम करत होती. नव्या मुलींना पहिला धडा तीच द्यायची: मध्यावर काही ठेवू नका, शिवण भुकेली असते. दर पुस्तकाच्या वेळी ती साधे कागद दुमडून, सुईदोऱ्याने शिवून, पेन्सिलीने डमी करायची. मध्ये काय गडप होतं ते त्यात आधीच दिसतं. या खेपेला तेवढी एक गोष्ट राहिली. डमीचे दिवस ओळीच्या भांडणात गेले. चित्र भिंतीवर सपाट टाचलेलं, संगणकावर सपाट पाहिलेलं. डझनभर शहाण्या माणसांनी तीन आठवडे त्याच्याकडे बघितलं, आणि बघितली काय, तर तळाची पट्टी.

दुसऱ्या कुणाची चूक असती तर निदान मनातल्या मनात चार शब्द सुनावता आले असते. इथे आपलेच दात, आपलेच ओठ.

मामांनी फोन लावून तिच्या हातात दिला. संपादकांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पण श्वास असा सोडला की हसले असते तर बरं.

"मग आता ओळ घालू या," ते म्हणाले. "घरटं दिसत नाही, तर निदान वाचून तरी कळेल. बघा, देवच माझ्या बाजूने."

"देवाला यात ओढू नका."

"काय?"

"घरटं सरकवते म्हटलं. डावीउजवीकडे कुठेतरी."

"ताई, सहा वाजता छपाईच्या प्लेटा करायला घेणार. उद्यापासून मशीन दुसऱ्याच्या कामाला लागतं, ते दीड महिना मिळत नाही. हे चित्र करायला तुम्हाला अकरा दिवस लागलेत."

"सहापर्यंत वेळ द्या."

"सहाला एक मिनिट झालं की ओळ. मी इथे लिहूनच ठेवतो. आणि नमुन्याची प्रत घेऊन जा, पण परत आणा. एकच आहे."

मूळ चित्र आणि ती प्रत काखोटीला मारून ती घरी आली तेव्हा साडेअकरा झाले होते. टेबलाशी बसली आणि मग खरी गोम लक्षात आली. घरटं उचलून वीतभर उजवीकडे ठेवणं अवघड नव्हतं. वेगळ्या कागदावर नवं रंगवायचं, कापून चिकटवायचं, जुन्या जागी आभाळाच्या रंगाचा हात फिरवायचा. एवढं तर संगणकावरही झालं असतं. पण नजरांचं काय? एकेचाळीस माणसं जुन्या जागी बघत होती. एका बाजूने दिसणारे धरून डोळे सत्तावन्न. घरटं हललं की ते सत्तावन्न डोळे हलले पाहिजेत, नाहीतर सगळं गाव क्रेनकडे पाठ फिरवून ढग बघतंय असं दिसेल.

तिने नवं घरटं रंगवायला घेतलं आणि दारावरची बेल वाजली.

धाकटी बहीण वरच्याच मजल्यावर राहायची. दुपारी कामावर जाताना मुलीला सोडून जायची. मुलगी चार वर्षांची, घरातलं नाव मुंगी, कारण ती कधी रिकाम्या हाताने चालत नसे. आज हातात एक चप्पल होती, एकच.

"दुसरी कुठंय?" तिने विचारलं.

"घरी. ती दमली," मुंगी म्हणाली.

"बाई गं, आज नको," ती बहिणीला म्हणाली. "आज माझं डोकं ठिकाणावर नाही."

"तुझं डोकं ठिकाणावर असेल त्या दिवशी मी सुट्टी टाकीन," बहीण चपला काढत म्हणाली. "दहा मिनिटं आहेत मला. हे नवं का गं? आण, मी वाचते हिला, तू कर तुझं."

बहिणीने पुस्तक उचललं, मुंगीला मांडीत घेतलं आणि वाचायला लागली. वाचायची छान. मुकादमाचा आवाज जाड, इंजिनिअरचा नाकातून. इकडे टेबलाशी पाठमोरी बसून ती घरट्याच्या काटक्या काढत होती, पण कान तिकडेच. ड्रायव्हर शिडीवरून उतरला. पान उलटल्याचा आवाज झाला. आणि लगेच, श्वास घेण्याच्या आत, पुन्हा पान उलटल्याचा.

ती गर्रकन वळली. "तू ते पान सोडलंस."

"कुठलं? अगं, त्यावर लिहिलेलंच नाही काही."

"बघायचंय ते."

"बघितलं की! क्रेन आहे."

संपादकांच्या तीन आठवड्यांनी झालं नव्हतं ते या चार शब्दांनी झालं. तिच्या हातातला ब्रश खाली आला. सख्खी बहीण, आपल्या मांडीवर वाढलेली, आपली सगळी पुस्तकं शेल्फवर ओळीने लावणारी, आणि शब्द संपले की पान उलटते. मग दुकानात उभ्या असलेल्या अनोळखी आईला काय म्हणायचं? माणसाने अकरा दिवस कशासाठी मान मोडायची?

"बरं, मग तूच सांग, काय वाचू इथे?" बहीण जरा चिडूनच म्हणाली. "तुम्ही काही लिहायचं नाही, आणि आम्ही..."

"थांब ना, आई!" मुंगीने पान मागे उलटलं. दोन्ही हात पानावर ठेवून ती नाक टेकेल इतकी वाकली. "हे सगळे कुठे बघतायत?"

मुंगीने खिडकीतल्या एका बाईच्या डोळ्यावर बोट ठेवलं आणि तिथून ते हळूहळू सरकवत नेलं, तारेवरून, क्रेनच्या हातावरून. बोट फटीशी येऊन अडलं. मग रस्त्यावरच्या बादलीवाल्याच्या डोळ्यापासून. पुन्हा फटीशी.

"इथे आत कायतरी आहे," ती म्हणाली.

आणि कुणाला काही सुचायच्या आत तिने दोन्ही पुठ्ठे धरून जोर लावला. कट्कन दोरा तुटला. पुस्तक पाठीवर उताणं पडलं, मधली पानं बाहेर आली.

"अगं ए!" बहीण ओरडली. "फाडलंस! मावशीचं पुस्तक फाडलंस!"

"मिळालं!" मुंगी म्हणाली. आणि तिचा चेहरा बघता बघता पडला. पान मधोमध उसवलं होतं. दोन अंडी एका बाजूला आणि तिसरं बरोबर दोऱ्याच्या भोकावरून चिरलेलं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

"फुटलं," ती म्हणाली. खालचा ओठ थरथरला. "मावशी, तू का फोडलंस?"

"मी?"

"तू काढलंस ना!"

आणि तिने भोकाड पसरलं. असलं तसलं नाही, पाखराच्या आईच्या वतीने, शेजारपाजार गोळा होईल असं. बहीण एकीकडे तिला थोपटतेय, एकीकडे घड्याळ बघतेय, तिसरीकडे "सॉरी गं, मी दुसरी प्रत विकत घेऊन देते" म्हणतेय. विकत कुठून घेणार? जगात ही एकच प्रत होती, आणि ती संध्याकाळी परत द्यायची होती.

"जा तू," ती बहिणीला म्हणाली. "उशीर होतोय."

"रागावलीस?"

"हो. पण हिच्यावर नाही."

बहीण गेली. तिने मुंगीला टेबलाजवळच्या उंच खुर्चीवर बसवलं आणि रंगवत असलेलं नवं घरटं दाखवलं. काटक्या झाल्या होत्या, आत अजून काही नव्हतं.

"यात किती अंडी?" मुंगीने हुंदक्यातच विचारलं.

"तीन."

"तीच?"

खोटं बोलायचं नाही हा तिचा रोजचा नेम. आणि मुलं अडचणीचे प्रश्न नेमके तेव्हाच विचारतात. "तीच नाही," ती म्हणाली. "पण त्याच पाखराची. घर बदललंय त्याने. पहिली जागा वाईट होती. ती जागा मी दिली होती."

मुंगीने विचार केला. "मग लवकर दे," ती म्हणाली, आणि नाक बाहीला पुसून पहारा द्यायला बसली.

दीड वाजता नवं घरटं चिकटलं. मग डोळे. प्रत्येक डोळ्यावर आधी पांढऱ्या दाट रंगाचा ठिपका, तो वाळेपर्यंत पुढचा माणूस, मग परत येऊन सर्वांत बारीक ब्रशच्या टोकाने काळं बुबुळ. पहिले दहा जण बरे निघाले. अकराव्याची मान डावीकडे आणि डोळे उजवीकडे झाले, तो चोरासारखा दिसायला लागला. त्याची हनुवटी बदलावी लागली. एका आजीचा पांढरा रंग वाळला नव्हता, बुबुळ पसरलं आणि आजीचे डोळे आल्यासारखे दिसू लागले. ते खरवडून पुन्हा. साडेतीनला अठरा झाले होते. मुंगी मधूनमधून एखाद्या माणसावर बोट ठेवून म्हणे, "याला सांग ना, तिकडे बघ," आणि ती म्हणे, "सांगते, सांगते." मान दगड झाली होती. आपण मूर्ख आहोत हे दर ठिपक्याला एकदा आठवत होतं. एक ओळ लिहिली असती तर पाच मिनिटांत सुटलो असतो, हेही.

सव्वापाचला बहीण मुलीला न्यायला आली तेव्हा चौतीस जण नव्या घरट्याकडे बघत होते. सात जण अजून जुन्याच जागी. वेळ संपला होता.

सहाला चार मिनिटं कमी असताना ती छापखान्याच्या पायऱ्या चढली. संपादक मामांच्या टेबलापाशीच उभे होते, हातात कागद, कागदावर ती ओळ छापून तयार. तिने आधी फाटकी प्रत पुढे केली.

"हे काय?"

"भाचीने अंडी शोधली."

"फाडून?"

"त्याशिवाय सापडत नव्हती. आणि मग चिरलेलं अंडं बघून रडली. अर्धा तास. ओळ वाचून नाही रडली. ओळ नव्हतीच."

संपादकांनी उसवलेली पानं उलटसुलट केली. मग तिने मोठा कागद टेबलावर पसरला.

"घरटं दिसतंय," ते थोड्या वेळाने म्हणाले. "दिसतंय चांगलं. पण दुकानातला माणूस मला सोडणार नाही, ताई. असं करू या. पानावर ओळ नाही. ती मलपृष्ठावर टाकतो, मागच्या बाजूला. तिथे फक्त मोठी माणसं वाचतात."

"तिथेही नको."

या वेळी त्यांनी "काय?" म्हटलं नाही. नीट ऐकू गेलं होतं. "तिथे हवी," ते म्हणाले. "तुम्ही जोडपान घ्या, मला मलपृष्ठ द्या."

तिला वाद घालायचा होता. पण मान वळत नव्हती, बोटं रंगाने कडक झाली होती, आणि मामा घड्याळाकडे बघत खोकत होते. माझ्या पुस्तकाच्या पाठीवर दुसऱ्याचं वाक्य, घराघरांत जाणार. बहीण ते वाचेल आणि म्हणेल, अच्छा, असं आहे होय.

"'नाही का मुलांनो' काढा," ती म्हणाली. "तेवढं तरी."

"काढलं." त्यांनी पेनने रेघ मारली. रेघ मारताना त्यांनाही जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. मग चित्र मंजूर म्हणून कोपऱ्यात सही करायला ते कागदावर वाकले, आणि पेन तसंच वर राहिलं.

"हा बादलीवाला कुठे बघतोय?"

तिने वाकून पाहिलं. मग म्हणाली, "जुन्या जागी. राहिला तो. सात जण राहिलेत, वेळ पुरला नाही."

"राहिलेत? मला वाटलं, याला अजून दिसलंच नाहीये. सगळे थांबलेत म्हणून हाही थांबलाय, का ते माहीत नाही बिचाऱ्याला." ते आणखी वाकले. "आणि ही खिडकीतली? हिलाही नाही दिसलेलं. मुद्दाम नाही केलंत हे?"

"नाही. चूक आहे."

"मग कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "सात म्हणालात ना? दोन झाले. हा शिडीवरचा तीन."

"सही करा आधी."

"करतो हो, पळतेय का सही? चार. गच्चीवरची म्हातारी... नाही, हिला दिसलंय. हिला सगळ्यांत आधी दिसलं असणार."

"साहेब, सहा वाजून गेले," मामा म्हणाले. "प्लेट लावायचीय. चित्र द्या."

"एक मिनिट, मामा. पाच." पेन हवेत धरून ते परांच्यांवरून, गच्च्यांवरून एकेका माणसापाशी थांबत चालले होते. "सहावा कुठंय?"

"साहेब!"

"अहो, बघू द्या की जरा," संपादक म्हणाले.